डोक्यावरचा भरवसा

1921, आषाढ : ग्रँट रोड

अंधेरीच्या फलाटावर वाफेचं इंजिन धापा टाकत येतं आणि तुम्ही तिसऱ्या वर्गाच्या डब्यात शिरता. अंधेरी अजून मुंबईत नाही. गेल्याच वर्षी मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला आणि तुमचं गाव त्यात गेलं. खिडकीबाहेर भातखाचरं तुडुंब भरली आहेत, इरली पांघरलेल्या बाया लावणीला वाकल्या आहेत. माहीमची खाडी ओलांडली की वस्ती दाट होत जाते, गिरण्यांची धुराडी दिसू लागतात. ग्रँट रोडला उतरता तेव्हा पाऊस असा कोसळत असतो की समोरची ट्रामही धड दिसत नाही.

तारीख 8 जुलै. आज बालीवाला थिएटरात ‘संगीत मानापमान’ आहे, पण रोजचं नाही. ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी या दोन कंपन्या आज एका मंचावर उभ्या राहणार आहेत. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला जाणार आहे. लोकमान्यांना जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. खाडिलकरांचं हे नाटक दहा वर्षं गाजतं आहे, गोविंदराव टेंब्यांच्या चाली गल्लीबोळांत गुणगुणल्या जातात. अवघ्या तीन महिन्यांनी, 4 ऑक्टोबरला, केशवराव हे जग सोडून जातील. ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे अजून कोणालाच नाही.

तुम्हाला हे नाटक समोरून दिसणार नाही. तुमची जागा वर आहे.

मागच्या दाराने आत शिरता. ओल्या कापडाचा, खळीचा आणि रंगाचा वास नाकात भरतो. शिडी चढून माळ्यावर येता. खाली मंच, वर छपराचे वासे आणि मध्ये बांबूला गुंडाळलेले पडदे ओळीने टांगलेले: महाल, बाग, जंगल, रस्ता. प्रत्येक पडद्याला तीन दोर. एक जवळचा, एक मधला, एक लांबचा. तिन्ही आपापल्या कप्पीवरून फिरून एकाच बाजूला उतरतात आणि भिंतीलगतच्या आडव्या दांड्यावरच्या खुंटीला बांधले जातात. एका माणसाने तिन्ही दोर एकत्र ओढले की पडदा सरळ चढतो.

“सरळ चढतो,” पडद्यांचे मिस्त्री म्हणतात, “पण उन्हाळ्यात. आज ओढून बघ.”

तुम्ही ओढता. महालाचा पडदा वर जातो आणि पलीकडचं टोक चार बोटं जास्त उचललं जातं. राजवाड्याचे खांब कलंडलेले दिसतात. मिस्त्री काही न बोलता दोराचं टोक तुमच्या हातात देतात. तो ओला आहे, फुगला आहे. सुताचा आणि काथ्याचा दोर पाणी प्यायला की जाड होतो आणि लांबीला आखडतो. जितका दोर लांब, तितकं आखडणं जास्त. पलीकडच्या टोकाचा दोर सगळ्यात लांब, म्हणून तेच टोक सगळ्यात वर. आता संध्याकाळपर्यंत प्रत्येक पडद्याचा लांबचा दोर सोडायचा, बोटाने अंतर मोजायचं, पुन्हा बांधायचा. गाठ अशी हवी की भार पडला की आवळली जावी आणि एका झटक्यात सुटावी. तुम्ही मारलेली पहिली गाठ मिस्त्री सोडवतात आणि पुन्हा मारायला लावतात. दुसरीही सोडवतात. तिसरीवर हात ठेवून पुढे सरकतात.

दिवेलागणीपर्यंत तुम्हाला या नाटकाचं गणितही कळतं. उथळ प्रवेश आणि खोल प्रवेश आलटून पालटून येतात. पुढे रस्त्याचा पडदा पडलेला असतो, त्याच्यासमोर दोन-तीन पात्रं बोलत असतात, प्रेक्षक हसत असतात. त्या हशाच्या आड, पडद्यामागे सहा माणसं अनवाणी पायांनी मंचक आणतात, गालिचा पसरतात, समया मांडतात. शिट्टी वाजली की रस्ता वर आणि महाल उघडा. युरोपातल्या ऑपेरागृहांत पडद्यामागे शीळ घालणं निषिद्ध मानतात. तिथल्या दोरांवर पूर्वी जहाजांवरचे खलाशी काम करत, त्यांचे इशारे शिळेचे असत आणि भलत्या शिळेने भलताच पडदा कोणाच्या डोक्यात येई, असं त्याचं कारण सांगतात. इथे शिट्टी हाच हुकूम. म्हणून तुमच्या तोंडून चुकूनही आवाज निघता कामा नये.

मंचाच्या कडेला पाण्याच्या आणि वाळूच्या बादल्या आहेत. दौऱ्यावर नाटक कंपन्या गॅसबत्त्यांवर नाटक करतात, आणि खळीने कडक झालेला रंगीत पडदा ठिणगीची वाटच बघत असतो. मिस्त्रींना व्हिएन्नाची हकीकत माहीत नसेल, तुम्हाला आहे. 8 डिसेंबर 1881, रिंगथिएटर. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर येऊन जेमतेम वर्ष उलटलं होतं. तिकडे ऑफेनबाखचा ऑपेरा सुरू व्हायचा होता. मंचावरचे गॅसचे दिवे पेटवताना आग लागली, ती टांगलेल्या देखाव्यांना भिडली, घर अंधारात बुडालं आणि शेकडो माणसं गेली. त्यानंतर युरोपातल्या नाट्यगृहांत मंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये लोखंडी पडदा सक्तीचा होऊ लागला, बाहेर पडण्याच्या वाटांवर वेगळे दिवे आले.

रात्री तिसरी घंटा होते. धूप फिरतो, नांदी उठते. वरून तुम्हाला फक्त डोकी दिसतात: फेटे, अंबाडे, ऑर्गनवर झुकलेली पाठ. भामिनी येते तेव्हा सभागृहातून जो आवाज उठतो तो तुमच्या पायाखालच्या फळीला जाणवतो. केशवराव मंचाच्या मधोमध उभे राहतात, डोळे मिटतात आणि सूर लावतात. त्यांच्या बरोबर वर, पंधरा-वीस हातांवर, तुम्ही बांधलेला महालाचा पडदा गुंडाळून टांगलेला आहे. ते एकदाही वर पाहत नाहीत. वन्स मोअर येतो, पुन्हा येतो, आणि तेवढा वेळ खुंटीवरची तुमची गाठ भार धरून बसलेली असते.

गायकाने डोळे मिटले, ही तुम्हाला मिळालेली पावती.

1933 : दिव्यांची वर्षं

आता थोडं वेगाने पुढे चला. 1922 मध्ये ललितकलादर्शने मामा वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ आणलं. नेपथ्यकार पु. श्री. काळे यांनी त्यासाठी रंगवलेल्या पडद्याच्या जागी तीन भिंतींची, दारं-खिडक्यांची खोली उभी केली. पडदा वर ओढून बाजूला करता येतो; खोली उचलून न्यावी लागते. कंपनीतल्या दोर ओढणाऱ्यांना सुतारकाम शिकणं भाग पडलं. पडद्यावर राजवाडा रंगवणारे कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे सिनेमाच्या नादी लागले होते. आनंदराव अकाली गेले, आणि बाबूरावांचा ‘सैरंध्री’ 1920 मध्येच झळकला होता. गंधर्व मंडळीत किरकोळ कामं करून गेलेला एक मुलगा पुढे व्ही. शांताराम म्हणून ओळखला जाणार होता.

1928 मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची लोकल आली. 1929 मध्ये उपनगरांना वीज पुरवण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी स्थापन झाली. 1931 मध्ये गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकाचा प्रेक्षक तीन तासांच्या बोलपटाकडे वळला. 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणून वास्तवातला दिवाणखाना आणि बेताची गाणी असं नवं नाटक मांडलं. त्या दशकात बड्या नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. पडदे गुंडाळून गोदामात गेले. काहींना वाळवी लागली, काही मांडवाच्या छतासाठी विकले गेले. मिस्त्रींची गाठ मात्र गेली नाही. ती ज्यांच्या हातांत होती ते हात सिनेमाच्या स्टुडिओत, लग्नमंडपांत आणि गणपतीच्या देखाव्यांत कामाला लागले, आणि पंचवीस वर्षांनी नाटकाला पुन्हा त्यांची गरज पडली तेव्हा हजर होते.

1968, मार्गशीर्ष : मुलुंड

तुम्ही मुलुंड स्टेशनच्या पश्चिमेला उतरता. 1957 मध्ये महापालिकेची हद्द इकडे मुलुंडपर्यंत आणि तिकडे दहिसरपर्यंत आली, म्हणून तुम्ही आता मुंबईतच आहात. हवेत गारवा आहे, डोंगराकडून वारा सुटला आहे. शाळेच्या मैदानावर मंडप उभा राहतो आहे: बांबू, सुंभ, ताडपत्री, आणि तेलाच्या पिंपांवर टाकलेल्या फळ्यांचा रंगमंच.

संगीत नाटकाला पुन्हा बरे दिवस आले आहेत. ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘सुवर्णतुला’ 1960 मध्ये आली, मग ‘मंदारमाला’, ‘मत्स्यगंधा’, ‘ययाति आणि देवयानी’. गेल्या डिसेंबरात नाट्यसंपदाने ‘कट्यार काळजात घुसली’ आणलं आणि वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब घराघरात पोचला. त्याच नाट्यसंपदाचे प्रभाकर पणशीकर ‘तो मी नव्हेच’साठी फिरत्या रंगमंचाचं सामान बरोबर घेऊन दौरे करत आहेत. शहरात साहित्य संघ आहे, शिवाजी मंदिर आहे. उपनगरात शाळेचं मैदान आहे आणि हौस आहे.

आज तुम्ही दिव्यांवर. प्रकाशवाले अण्णा मंचाच्या उजव्या विंगेत, लाकडी खोक्याआड बसले आहेत. त्यांच्यासमोर चिनी मातीच्या चार बरण्या आहेत. लोणच्याच्या म्हणून कोणी झाकण उघडायला गेलं तर अण्णा अंगावर धावून येतात.

“हात मागे! शंभरदा सांगितलंय, हात मागे!”

बरणीत मिठाचं पाणी आहे. तळाशी धातूची एक पट्टी, तिला एक तार जोडलेली. दुसरी पट्टी वरून लाकडी दांडीला टांगलेली, तिला दुसरी तार. दांडी वर असली की दोन पट्ट्यांमध्ये पाणी जास्त, वीज अडते, दिवा मंद. दांडी खाली केली की अंतर घटतं, वीज सुटते, दिवा उजळतो. हाच तुमचा डिमर. मीठ कमी पडलं तर दिवा पुरता पेटत नाही, जास्त झालं तर मंद होत नाही आणि पाणी तापत जातं. दुसऱ्या अंकापर्यंत बरण्यांतून वाफ निघू लागते. उघडी तार, उकळतं पाणी आणि ओल्या पायांखालची जमीन: या धंद्यात जीव गमावलेल्यांची यादी कोणी ठेवली नाही, पण प्रत्येक जुन्या प्रकाशवाल्याला निदान एक नाव तोंडपाठ असतं. अण्णा रबरी चपला घालतात, कोरड्या फळीवर बसतात आणि डावा हात कायम मांडीखाली दाबून ठेवतात. दोन्ही हात कामात गुंतले की विजेला छातीतून जायला वाट मिळते, हे त्यांना त्यांच्या गुरूने शिकवलं.

साधनं एवढीच आणि कल्पनेला मात्र आडकाठी नाही. कलकत्त्यात तापस सेन यांनी 1959 मध्ये ‘अंगार’ नाटकात कोळशाच्या खाणीत शिरणारं पाणी केवळ प्रकाशाने उभं केलं, त्याची चर्चा इथपर्यंत आली आहे. अण्णांनी तुपाचे रिकामे डबे कापून दिव्यांची नळकांडी केली आहेत. डब्याच्या तोंडावर अंबर जिलेटिन लावलं की सकाळ, निळं लावलं की रात्र.

नाटक सुरू होतं आणि तुम्हाला खरा धडा मिळतो. वहीत लिहिलं आहे: पद संपताना प्रकाश मावळतो. पण पद केव्हा संपणार? संहितेत ते चार ओळींचं आहे. गायकाचा आवाज आज लागला आहे, थंडीने श्रोता जागा आहे, तबलजी खुशीत आहे. अंतरा झाला, आलाप सुरू झाला, ताना सुरू झाल्या. घड्याळ इथे कामाचं नाही. अण्णा डोळे मिटून मान हलवत आहेत, ओठांवर मात्रा चालू आहेत. तिहाई सुरू होते. पहिली. दुसरी. अण्णांच्या बोटांनी दांडी धरली आहे. तिसरी, आणि समेवर गायकाचा हात खाली येतो त्याच क्षणी दांडी वर सरकू लागते. प्रकाश असा उतरतो की टाळ्यांच्या आधी क्षणभर अंधार नाही आणि टाळ्यांनंतर उजेड नाही.

मग आवाज येतो, “वन्स मोअर!”

दांडी पुन्हा खाली. अण्णा हसतात. “गाणं येत नसेल त्याने संगीत नाटकाच्या दिव्यावर बसू नये.”

आज, सकाळ : बोरिवली

टेम्पो प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहाच्या मागच्या दाराला उलटा लागतो. बोरिवलीचं हे, पार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर आणि मुलुंडचं महाकवी कालिदास, ही उपनगरातली महापालिकेची तीन नाट्यगृहं. अण्णांच्या मैदानाची जागा यांनी घेतली. पलीकडे जुहूला 1978 पासून पृथ्वी थिएटर आहे, पण तिथला पुढे आलेला छोटा मंच प्रेक्षकांच्या मांडीला लागून आहे. तिथलं नेपथ्य निराळं, हिशोब निराळा.

तुमच्या हातात काही तास आहेत. दुपारी प्रयोग, तो संपला की आवराआवर, कारण संध्याकाळी हेच घर दुसऱ्या नाटकाला दिलेलं आहे. आज रात्री हाच टेम्पो जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पूर्वेला जाईल आणि उद्या मुलुंडला हाच महाल पुन्हा उभा राहील. म्हणून मराठी नाटकाचं नेपथ्य आधी टेम्पोच्या हौद्यात मावतं आणि मग मंचावर शोभतं. फ्लॅट (भिंतींच्या चौकटी) घडीचे, लेव्हल (उंचवट्याच्या पायऱ्या) सुट्या, कमान तीन तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने खूण. दोन फ्लॅट शेजारी उभे करायचे, दोरी खिळ्यांत अडकवत खाली आणायची, आवळायची, मागून टेकू द्यायचा, टेकूवर वजन ठेवायचं. मिस्त्रींची गाठ तुमच्या बोटांना अजून येते.

वर पाहा. पूर्ण पडदा न गुंडाळता सरळ वर उचलायचा तर मंचाच्या डोक्यावर त्याच्या तोंडाच्या दुपटीहून जास्त उंची लागते. ऑपेरासाठी बांधलेल्या घरांत ती असते. तिथे पडद्याच्या वजनाइतकी लोखंडी वजनं पलीकडे टांगून तराजू साधतात आणि एक माणूस अख्खा राजवाडा हलक्या हाताने वर पाठवतो. सभा, संमेलनं, स्नेहसंमेलनं आणि नाटक असं सगळं एकाच छताखाली करायला बांधलेल्या सभागृहात तेवढी उंची बहुधा नसते. मग 1921 सालचीच युक्ती: पडदा खालून गुंडाळत वर न्यायचा.

दिव्यांचं गणित तोंडी करा. एक पार दिवा हजार वॅटचा. 230 व्होल्टवर तो चार अँपियरहून थोडी जास्त वीज ओढतो. पंधरा अँपियरच्या सॉकेटवर तीन. चौथा लावलात तर तार तापेल आणि फ्यूज भर पदात जाईल. चोवीस दिवे म्हणजे शंभर अँपियरच्या वर. ते तीन फेजवर सारखे वाटायचे. एलईडी आल्यापासून हा भार पुष्कळ उतरला आहे. पण जांभळी पैठणी कोणत्या उजेडात तपकिरी दिसते आणि कोणत्या उजेडात जांभळी राहते, हे अजूनही कापड दिव्याखाली धरूनच पाहावं लागतं.

दिवा बारवर लावलात. पकड आवळलीत. आता तिच्याजवळची पोलादी तार बारला वळसा घालून दिव्याच्या कडीत अडकवा. पकड निसटली तर दिवा या तारेवर लटकेल, खाली येणार नाही. तार लावायला प्रत्येक दिव्यामागे अर्धं मिनिट जातं. घाईच्या दिवशी पहिली काट याच अर्ध्या मिनिटाला लागते, आणि तेवढ्यासाठीच ज्याचं नाव होतं तो दिवेवाला कधी काट मारत नाही.

माइकची तार आणि डिमरची तार शेजारून नेऊ नका. डिमर वीज तुकड्या-तुकड्याने सोडतो. त्याची गुणगुण माइकच्या तारेत शिरते आणि षड्जाखाली एक दुसराच बेसूर षड्ज ऐकू येतो. दोन तारा एकमेकींना ओलांडणारच असतील तर काटकोनात ओलांडू द्या.

समोरचे दिवे साधारण पंचेचाळीस अंशांतून. प्रकाश फार वरून पडला तर मान उंचावून गाणाऱ्याच्याही डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. फार समोरून पडला तर मागच्या भिंतीवर गायिकेची सावली तिच्याहून मोठी गाते. बाजूचा एक दिवा नथीसाठी. गायिका मंचावर येते, जागा पाहते, एक आलाप घेऊन घर आजमावते आणि विचारते, “दादा, मी इथे उभी राहू ना?”

“राहा, ताई. तिथेच राहा.”

ती वर पाहत नाही.

प्रयोगात तुम्ही काचेच्या खोलीत, कन्सोलवर. बरण्यांच्या जागी सरकपट्ट्या आहेत. सगळे बदल यंत्रात साठवलेले, एक बटण दाबलं की क्रमाने येतात. पद सुरू झालं की मात्र बोट बटणावरून उचलून पट्टीवर ठेवावं लागतं. आलाप चालू आहे. तुम्ही मात्रा मोजता. तिहाई. सम. पट्टी खाली. यंत्राला अजून सम कळत नाही, म्हणून तुमची गरज आहे.

संगीत नाटक संपलं असं सांगणाऱ्यांनी 2017 मध्ये ‘संगीत देवबाभळी’ पाहिलं. प्राजक्त देशमुख यांचं लेखन-दिग्दर्शन, आनंद ओक यांचं संगीत. दोन बायका, देहू आणि इंद्रायणीचा काठ. नेपथ्य प्रदीप मुळ्ये यांचं, प्रकाश प्रफुल्ल दीक्षित यांचा. जाहिरातीत ही नावं होती, आणि उपनगरांतला तरुण प्रेक्षक ती वाचून, एकमेकांना सांगून येत होता.

उद्या

केशवरावांच्या नावाचं नाट्यगृह कोल्हापुरात आहे. शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं. व्हिएन्ना जळाल्याला तेव्हा 142 वर्षं झाली होती. लाकूड, कापड, दोर आणि वीज एकत्र नांदतात त्या घरात धोका कधी जुना होत नाही. घर माणसांनी भरलेलं नव्हतं, एवढंच आपलं नशीब.

नाट्यगृह दुरुस्तीला काढलं की आपण काय विचारतो? खुर्च्या नव्या केल्या का, वातानुकूलन चालतं का, गाडी कुठे लावायची, स्वच्छतागृह स्वच्छ आहे का. हे सगळं विचारायलाच हवं. त्यात आणखी चार प्रश्न घाला. मंचावरचे दोर आणि तारा शेवटच्या कधी बदलल्या? टांगलेल्या बारवर किती भार चालतो, हे कुठे लिहून लावलं आहे का? मंचाची वीज तपासून किती दिवस झाले? आग लागली तर मंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये काय पडणार आहे? बोरिवली, पार्ले आणि मुलुंडची घरं महापालिकेची आहेत, म्हणजे आपली. प्रभागाच्या सभेत, नगरसेवकाला, नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला हे विचारण्याचा हक्क तुमच्या तिकिटाच्या आधी तुमच्या करातून आला आहे.

आणि पुढच्या संगीत नाटकाला जाल तेव्हा श्रेयनामावलीतली नेपथ्य, प्रकाश आणि रंगमंच व्यवस्था ही नावं शेवटपर्यंत ऐका, त्यांच्यासाठीही टाळी वाजवा. गाणाऱ्याला डोळे मिटून गाता येतं ते त्या माणसांच्या जोरावर. त्यांना कोरडा दोर, धड तार आणि पुरेसा वेळ मिळवून देणं हे प्रेक्षकांचं काम आहे, आणि ते आपण अजून हाती घेतलेलं नाही.